बिनशिशाची कढई

न्हाव्याने उजवा गाल संपवून डाव्याला हात घातला होता आणि रेडिओवरची बाई बातम्या सांगत होती. पूर आला काय आणि कुणी पदक जिंकलं काय, या बाईच्या आवाजाची इस्त्री म्हणून मोडायची नाही. धातूच्या तयार मालावरचं वाढीव आयात शुल्क, ती म्हणाली, माल जहाजावर चढला त्या तारखेप्रमाणे नव्हे, तर बंदरात उतरेल त्या तारखेप्रमाणे आकारलं जाईल, असा खुलासा समुद्रापलीकडच्या त्या देशाच्या सरकारने केला आहे. आणि लगेच हवामान. खुर्चीतल्या फोरमनने मान वळवली. कानाखाली वस्तरा टेकलेला असताना मान वळवायची नसते हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण वळली. ‘हललात तुम्ही,’ न्हावी म्हणाला, म्हणजे चूक कुणाची ते आधीच ठरलं. आरशात कानाखाली एक लाल रेघ दिसली, फेसात पसरली, गुलाबी झाली. दुखलं काहीच नाही. फोरमन त्या रेघेकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं, दुखायला हवं होतं. न्हाव्याने तुरटी ओली करून दाबली तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून त्याला बरं वाटलं, कारण आता डोळ्यांत पाणी असायला निदान काही कारण होतं. ‘उतरेल त्या तारखेप्रमाणे म्हणजे काय हो?’ त्याने विचारलं. ‘ते मला काय विचारता?’ न्हावी म्हणाला. ‘मी केस कापतो.’

म्हणजे काय ते फोरमनला पक्कं कळलं होतं. आपल्याला कळलंय ते चुकीचं आहे असं कुणीतरी म्हणावं, एवढ्यासाठी विचारलं होतं. माल समुद्रात होता. बंदरात उतरायला अजून बराच अवकाश होता आणि वाढीव शुल्काची तारीख त्याच्या कितीतरी आधी होती. महिनाभर सगळा कारखाना जिवाचं रान करून धावला तो त्या तारखेच्या आत जहाजावर माल चढवायला, आणि चढवला, आणि जहाज सुटलं त्या दिवशी क्रेनवाला आनंदाने कपाटावर थाप मारत नाचला होता. आता ही बाई म्हणते, चढवलात ते ठीक, पण आम्ही बघणार उतरतो कधी. शर्यत संपल्यावर रेषा पुढे सरकवायची, त्यातला हा प्रकार. आणि सरकवणाऱ्याला माहीतसुद्धा नसणार की या टोकाला एक माणूस अर्ध्या दाढीने बसलाय. फोरमन पैसे देऊन रस्त्यावर आला. गाल गुळगुळीत झाला होता आणि वारा त्यावर फार थंड लागत होता. पण वारा त्याला नेहमीच थंड लागायचा. उभी हयात वितळलेल्या जस्ताशेजारी काढलेल्या माणसाला बाकीचं सगळं जग जरा गारठलेलंच वाटतं. बायको म्हणायची, उन्हाळ्यात पांघरूण घेऊन झोपणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला, तुमच्याशी लग्न केलं की भट्टीशी.

भट्टी नव्हे, कढई. हे तो तिला दर वेळी सांगायचा आणि ती दर वेळी भट्टीच म्हणायची. लोखंड गंजतं, म्हणून त्याला वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचं, एवढाच त्यांच्या कारखान्याचा धंदा. त्यासाठी ही भली लांबरुंद पोलादी कढई, खोलीएवढी, काठोकाठ जस्ताने भरलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना बर्नर. ती कधी विझवायची नसते. आतलं जस्त थिजलं की पुन्हा तापवताना फुगतं आणि कढईच्या कुशी फाडून बाहेर येतं. म्हणून सणवार नाही, सुट्टी नाही, कुणाच्या घरी लग्न असो की मयत, कढईजवळ माणूस हवाच. थोरले मालक वारले त्या दिवशी सगळे गेले होते आणि फोरमन एकटाच कढईपाशी बसून रडला होता. गालावरचं पाणी ओघळायच्या आतच सुकत होतं. ती कढई तापती ठेवायची असेल तर माल हवा, आणि सध्या माल म्हणजे एकच गिऱ्हाईक उरलं होतं, समुद्रापलीकडचं, मुलांच्या खेळाची मैदानं उभारणारं. झोपाळ्यांचे खांब, घसरगुंडीच्या शिड्या, लोंबकळायचे दांडे. त्यांची अट एकच आणि ती दगडावरची रेघ: जस्तात शिसं नको. मुलं हात लावतात, मग तेच हात तोंडात घालतात. म्हणून धाकट्या मालकांनी सूत्रं हातात घेतल्या घेतल्या कढई उपसून, खरवडून, नवं शुद्ध जस्त भरलं होतं आणि फाटकावर मोठी पाटी लावली होती, ‘बिनशिशाची कढई’. पाटीखाली सगळ्यांनी उभं राहून फोटो काढला होता. फोरमन मधोमध. त्या फोटोत तो हसतोय.

शिसं काढलं की जस्त हट्टी होतं. लोखंडावरून निथळत नाही, खालच्या कडेला थेंब धरून बसतं, काटे काटे होतात. त्यावर उपाय म्हणून बिस्मथ नावाचा एक धातू चिमटीचिमटीने घालायचा. बिस्मथ म्हणताना स्टोअरकीपरची जीभ वळायची नाही, तो बिस्किट म्हणायचा, मग सगळेच बिस्किट म्हणायला लागले. कढईने बिस्किटं खाल्ली का, असं क्रेनवाला रोज सकाळी विचारायचा. लागायची ती इतकी थोडी की ती कुठून येतात हे कुणाच्या कधी मनातसुद्धा आलं नाही. आणि मग एका सकाळी कळलं की ती बिस्किटं जवळजवळ सगळी एकाच देशातून येतात, आणि त्या देशाने ठरवलंय की आता परवान्याशिवाय एक तुकडासुद्धा बाहेर जाणार नाही. गिऱ्हाइकाच्या देशाने त्यांच्या मालावर कर लावला, म्हणून त्यांनी आपला धातू अडवला, म्हणून या देशाने आणखी कर लावला. दोन थोरामोठ्यांचं भांडण, आणि ताटं वाजतात शेजारच्या घरात. व्यापारी फोनवर म्हणाला, ‘परवान्यात अडकलंय साहेब.’ पुढच्या फोनवर म्हणाला, ‘अजून अडकलंय.’ त्याच्या पुढच्या फोनवर त्याने जो भाव सांगितला तो ऐकून स्टोअरकीपर म्हणाला, एवढ्यात सोन्याची बिस्किटं येतील. सगळे हसले. फोरमनही हसला, पण बुडवायचा माल अंगणात ढिगाने पडून होता आणि जहाजाची तारीख ठरलेली होती.

बिस्किटं संपली. दांडे कढईतून बाहेर यायचे ते खालून काट्यांची झालर लावून. पोरं कानशी घेऊन बसली, घासून घासून हातांना फोड आले, आणि घासलं की मुलामा निघायचा, म्हणजे तो नग उरलासुरला मुलामा उतरवायला पुन्हा आम्लात, पुन्हा कढईत. ढीग कमी व्हायला तयार नाही. धाकटे मालक कढईपाशी येऊन उभे राहायचे. त्यांना फोरमनने चड्डीत बघितलेलं; ते अजून त्याला काका म्हणत. एका दुपारी नुसतं म्हणाले, ‘काका, हे जहाज चुकलं तर मी बर्नर चालू ठेवू शकत नाही.’ जरब नव्हती आवाजात. असती तर बरं झालं असतं, माणूस उलटून काहीतरी बोलतो तरी. फोरमन म्हणाला, ‘जाईल माल.’ कशाच्या जोरावर म्हणाला, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. की होतं? आता रस्त्याने चालताना, कानाखालची रेघ झोंबत असताना, तो हेच स्वतःला विचारत होता. म्हणाला तेव्हाच ठरलं होतं का? कारण शेडच्या मागे, ताडपत्रीखाली, जुन्या काळातल्या शिशाच्या ढेपा अजून तशाच पडून होत्या, आणि त्या तिथे आहेत हे विसरलेल्या माणसांत फोरमन नव्हता.

त्याला ज्याने काम शिकवलं तो उस्ताद शिशाचा भक्त होता. ढेप कढईत सोडायचा आणि म्हणायचा, जरा तेल पाजलं हिला. आणि खरंच, मग जस्त असं काही निथळायचं की पोलाद आरशासारखं वर यायचं. शिसं जड, खाली जाऊन बसतं, तळाशी झोपतं, वर येत नाही, उस्ताद सांगायचा. हे अर्धं खरं होतं. बरंचसं झोपतं, थोडं जस्तात मिसळतं, आणि जे मिसळतं ते दांड्याबरोबर बाहेर येतं, आणि एकदा मिसळलं की साऱ्या कढईतून वेगळं काढायचा उपाय नाही. हे फोरमनला उस्तादापेक्षा जास्त माहीत होतं. तरी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन भिंतीच्या सावलीला गेले आणि तो ताडपत्री उचलून उभा राहिला. एकेक ढेप त्याने पोटाशी धरून आणली, झोपलेलं मूल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावं तशी. कढईच्या काठावर टेकवली आणि सोडली. मोठा आवाज होईल अशी त्याला भीती होती. तसा काही झाला नाही. जस्ताने तोंड उघडलं, मिटलं, वर राखेची साय हलली, बस्स. आपण हे करतोय हे दुसरा कुणी करत असल्यासारखं त्याला दिसत होतं, आणि तो दुसरा माणूस फार शांत होता, त्याचे हात जराही कापत नव्हते. दुपारी पहिली शिडी वर आली ती स्वच्छ, एक काटा नाही. पोरांनी कानशी खाली टाकल्या. ‘कढई खूश दिसते आज फोरमन,’ क्रेनवाला वरून ओरडला, ‘बिस्किटं मिळाली वाटतं.’ ‘होती थोडी ठेवलेली,’ फोरमन म्हणाला. इतकं सहज म्हणाला की स्टोअरकीपरनेसुद्धा मान डोलावली. आणि सगळ्यात भयंकर गोष्ट ही की त्या दुपारी त्याला आनंद झाला होता. खरा, पोटातून आलेला आनंद. माल सरसर पुढे सरकत होता, पोरं गाणी म्हणत होती, आणि धाकटे मालक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, ‘काका, तुम्ही आहात म्हणून आहे सगळं.’

त्यानंतर त्याने किती वेळा हात धुतले असतील. बायकोच्या लक्षात आलं. ‘एवढं काय लागलंय हाताला?’ तिने विचारलं. ‘वंगण,’ तो म्हणाला. रविवारी मुलगी नातीला घेऊन आली. नातीला दात येत होते, जे दिसेल ते तोंडात. गॅलरीत उभी राहिली आणि कठड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून चोखायला लागली, लाळेची तार खालपर्यंत. सगळे कौतुकाने बघत होते. फोरमनने तिला खसकन ओढलं. ती एवढ्या मोठ्याने रडली की मुलगी म्हणाली, ‘बाबा, काय झालं तुम्हाला? घरचाच कठडा आहे.’ काय झालं ते कुठल्या तोंडाने सांगणार? त्याने स्वतःची समजूत घातली होती की थोडंच मिसळतं, मुलामाच तो, कुणी चाटून चाटून किती चाटणार, आणि आयुष्यात एकदाच, कढई वाचवायला, माणसं वाचवायला. ती समजूत त्या लाळेच्या तारेने तोडली. तरीही एक आधार उरला होता आणि त्याला तो घट्ट धरून होता: जहाज गेलं. केलं ते वाईट, पण कामाला आलं. वाईट काम कामाला आलं तर माणूस त्याच्याबरोबर जगू शकतो, असं त्याला वाटत होतं, आणि आज न्हाव्याच्या खुर्चीत तेही गेलं. आता नुसतं वाईट उरलं, फुकटचं.

तो फाटकातून आत शिरला. पाटीकडे त्याने बघितलं नाही. आत बर्नरचा तो कायमचा घुमणारा आवाज होता, जो आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आज तो त्याला एकेका बर्नरचा वेगळा ऐकू येत होता. माणसं कामाला लागलेली नव्हती, भिंतीच्या कडेच्या बाकावर बसून होती. म्हणजे बातमी इथे आधीच पोचली होती. कचेरीत धाकटे मालक टेबलाच्या अलीकडे, पाहुण्यांच्या खुर्चीत बसले होते. ‘बसा काका,’ ते म्हणाले. ‘ऐकलंत ना? गिऱ्हाइकाचा फोन पहाटेच येऊन गेला. एवढा कर भरून माल घेणं त्यांना परवडत नाही. त्यांचंही चूक नाही. कुणाचंच चूक नाही.’ फोरमन बसला. ‘कुणाचंच नाही,’ मालक पुन्हा म्हणाले, जणू त्यालाच धीर देत होते. डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता. ज्याला काही ठरवायचं उरत नाही त्याचा असतो तसा. ‘बर्नर बंद करायचे. जस्त थिजायच्या आत उपसून घेऊ. आणि काका, एक गोष्ट चांगली झाली. पलीकडच्या कारखान्याची कढईही आपल्यासारखीच, बिनशिशाची. आपलं सगळं जस्त ते पूर्ण भावाने घ्यायला तयार आहेत. मी सकाळपासून तोच हिशोब करत बसलोय. त्यात सगळ्यांचा थकलेला पगार भागतो आणि वर प्रत्येकाच्या हातावर काही महिन्यांचं ठेवता येतं. बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं. आणि समुद्रातला माल तिथलाच कुणी मिळेल त्या भावाने उचलेल.’ मग ते उठले. ‘पलीकडच्या कारखान्याचा माणूस दुपारी नमुना न्यायला येतोय. नमुना तुम्हीच काढून ठेवा. तुम्ही काढलेला म्हटल्यावर तो दुसऱ्यांदा तपासायचाही नाही.’

फोरमन कढईपाशी आला. लांब दांड्याचा डाव भिंतीला टेकून होता. शेजारीच शुद्ध जस्ताच्या न वापरलेल्या विटा रचलेल्या होत्या, कोऱ्या. त्यातला एक तुकडा डावात घालायचा, कढईच्या काठाशी धरून वितळवायचा, साच्यात ओतायचा. झाला नमुना. पाच माणसं बघत असती तरी कुणाला कळलं नसतं. पैसे हातात पडले असते, वाटले गेले असते, पोरांच्या घरी चुली पेटल्या असत्या. पुढे कधीतरी त्या पलीकडच्या कढईत शिसं सापडलं असतं, पण पुढे. तोवर ते कुणाच्या कढईतलं, कोण जाणे. मैदानातली मुलंही पुढेच आजारी पडली असती, कुठेतरी लांब, कुणाला कारण न कळता. सगळं पुढे ढकलता येत होतं. तो डाव हातात घेऊन उभा होता, चेहरा भाजत होता, आणि तो शांत माणूस, ढेपा पोटाशी धरून आणणारा, पुन्हा शेजारी येऊन उभा राहिल्यासारखं त्याला वाटलं. आत्ता आपण त्याच्या हातात डाव दिला तर तो जराही न कापता काम उरकेल, आणि मग तोच घरी जाईल, तोच नातीला उचलेल, आपण कधीच परत जाणार नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. कढईपाशी घाम येत नाही, आला तरी टिकत नाही, पण तो मानेवरून पाठीत उतरला. त्याने राख बाजूला सारली आणि डाव जस्तात घातला, आणखी खाली, खांद्याला दांडा लागेपर्यंत, पार तळाला. वर काढताना हात तुटायला आला, एवढा डाव जड झाला होता.

साच्यात ओतलेला नमुना गार झाल्यावर तो फडक्यात धरून त्याने मालकांच्या समोर ठेवला. मालकांनी सहज उचलला, आणि वजनानेच त्यांची भुवई वर गेली. त्यांनी किल्ली काढून त्यावर ओढली. खोल, मऊ, काळसर ओरखडा उठला. जस्तवाल्याचाच मुलगा तो. एवढं पुरे होतं.

‘हे काय आहे, काका?’

‘शिसं. बिस्किटं संपली तेव्हा मी टाकलं. सगळ्या ढेपा.’

मालक किल्लीकडे बघत राहिले. ‘मला विचारायचं होतंत.’

‘तुम्ही नाही म्हणाला असतात.’

‘हो. नाही म्हणालो असतो.’

‘मग जहाज चुकलं असतं.’

‘आता काय झालं?’ मालक म्हणाले, अगदी हळू, खरंच विचारल्यासारखं. थांबलं तर पुढे बोलता येणार नाही असं वाटून फोरमन म्हणाला, ‘तो जहाजावरचा मालही कुणाला देऊ नका. लहान मुलांच्या खेळाचा आहे तो.’ मालकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. फोरमनला लहानपणीचे ते आठवले, लपाछपीत डाव आलेले, शेडच्या खांबाला तोंड लावून उभे. हात काढले तेव्हा त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि त्याने फोरमन आणखीच खचला. ‘पगाराचं मी बाहेरच्या सगळ्यांना सकाळीच सांगून बसलोय,’ ते म्हणाले. ‘आता जस्त भंगारात जाईल. त्यात बँकेचंही भागणार नाही. हे मी त्यांना सांगू शकत नाही, काका. माझ्याने होणार नाही. तुम्ही सांगा.’

बाहेर ऊन अंगणभर पसरलं होतं. बाकावर सगळे होते, क्रेनवाला, स्टोअरकीपर, कानशीने हात सोललेली पोरं. डबे उघडले होते, पण कुणी नीट जेवत नव्हतं. फोरमन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं होतं, चेहऱ्यावरूनच त्यांना कळेल. कुणालाच कळलं नाही. त्यांना तो दमलेला दिसला, कानाखाली कापलेला दिसला, एवढंच.

‘काय म्हणाले मालक?’ क्रेनवाल्याने विचारलं. ‘पैसे नक्की मिळतील ना? तुम्ही बोललात ना आमच्यासाठी?’

‘बोललो,’ फोरमन म्हणाला.

‘मग झालं तर,’ क्रेनवाला बाकीच्यांना म्हणाला, आणि डबा मांडीवर घेऊन सरकला, फोरमनला बसायला जागा करून दिली.